ओल लागणारा रॉड

भज्यांच्या गाडीसमोर डोळे मिटून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गोंदियाजवळच्या गोरेगावचा आठवडी बाजार, बाजूला एस.टी.चा भोंगा, मोटरसायकलींची गर्दी, आणि त्या सगळ्यात हे गृहस्थ खाकी शर्टाची मनगटापर्यंतची बटणं लावून, हात पाठीमागे बांधून, कढईकडे कान करून उभे. मागे त्यांचे विद्यार्थी रांगेत, तेही डोळे मिटलेले. एकानेही भजी घेतलेली नाहीत.

"मास्तर, घ्यायचे नसन त बाजूले सरका. गिऱ्हाईक तुमाले पाहून पळून राहिले," भजीवाला म्हणाला.

"थांब गा जरासा. तुह्या तेलाचा आवाज आयकून राहिलो."

"तेलाचा आवाज कायले आयकता?"

"पोरायले समजला पायजे. तेल थंडं असलं त कसं बोलते, तापलं त कसं बोलते." मग विद्यार्थ्यांकडे वळून ते म्हणाले, "हा आवाज डोक्यात ठेवा. वेल्डिंग बरोबर चालली असली त अशीच बोलते. याच्यापेक्षा कमी नाही, जास्त नाही."

मी तिथे भाजी घ्यायला गेले होते. आमच्याच संस्थेतले वेल्डिंगचे सर असे भर बाजारात समाधी लावून उभे असलेले पाहून मी पदर सावरून दुसऱ्या गल्लीला लागणार होते. पण माझा स्वभाव आडवा येतो. एखादी गोष्ट काय आहे हे कळल्याशिवाय मला घास गिळत नाही. मीही जाऊन त्या रांगेच्या शेवटी उभी राहिले आणि डोळे मिटले. आवाज ऐकू आला. सोमवारी वर्कशॉपच्या दाराशी थांबून पुन्हा ऐकला, आणि माणूस वेडा असला तरी खोटं बोलत नाही एवढं माझ्या लक्षात आलं.

आमची संस्था म्हणजे गोरेगाव-आमगाव रस्त्याला धानाच्या बांध्यांमध्ये उभं असलेलं प्रशिक्षण केंद्र. मी तिथे स्टोअर सांभाळते. हातोडीपासून झाडूपर्यंत सगळं माझ्या कपाटांतून जातं-येतं. सर निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं लोटली. घरी धानाची शेती, फोनवर बायकोशी पोवारी, आमच्याशी झाडीबोली, आणि गोंदियाहून कोणी साहेब आला की हिंदी, अशा तीन भाषांमध्ये ते सारख्याच मोकळेपणाने भांडत. भुवया कायम अर्ध्या जळलेल्या. कानावर सुतार पेन्सिल खोचतो तसं जळून उरलेल्या रॉडचं थोटूक खोचलेलं. लांब थोटूक फेकणाऱ्या पोराला ते समोर उभं करत आणि विचारत, "अर्धी पोळी टाकून उठतं का रे घरी?"

स्तुती हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. फार झालं तर "ठीक आहे" म्हणत. ते दोन शब्द मिळालेला पोरगा आठवडाभर छाती काढून फिरायचा.

त्यांचं खरं वेड होतं रॉडचं. वेल्डिंगचा रॉड म्हणजे लोखंडाची काडी, वरून मसाल्याचा लेप. लेप जळतो, काडी वितळते आणि दोन तुकड्यांमधली फट भरून येते. मी स्टोअरमध्ये नवी असताना मला वाटायचं, रॉड म्हणजे रॉड. एक डबा संपला, दुसरा मागवा. हे मी एकदा सरांसमोर बोलून गेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सगळ्या तांदळाला तांदूळच म्हणाले होते.

"बाई, तुमच्या घरी पाहुणा आला त कोनता तांदूळ काढता?"

"चिन्नोर."

"आनि रोज?"

"रोज साधा."

"मंग मले काऊन म्हंता, रॉड म्हंजे रॉड?"

वर्षाची खरेदी ठरवायची वेळ आली की प्राचार्यांच्या खोलीत आमची तिघांची बैठक बसायची. प्राचार्य तसे सज्जन, पण त्यांना कुठलीही यादी लांब झालेली खपत नसे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शिकाऊ पोरं आहेत, रॉड जाळूनच शिकणार, तर जो सोपा आणि स्वस्त तोच भरपूर घ्या. यावर सर खुर्चीतून अर्धे उठत.

"सर, सोपा घ्याच. साठ-तेरा नंबरचा. म्या कधी नाही म्हनलं? तो उसन्या, उकड्या तांदळासारखा आहे. कोनीही रांधो, भात चिकटत नाही. हात बसवाले तोच पायजे. पण पोरगं त्याच्यावरच वर्षभर राहिलं त बाहेर जाऊन काय करंल? तेथी त्याले सत्तर-अठरा देतीन. तो चिन्नोर आहे, जपावं लागते. जराशी ओल लागली का जोडाच्या पोटात भेगा पडते, वरून दिसत नाही. आनि पाइपाच्या आत पहिला थर टाकाचा असला त साठ-दहा पायजे. तो आत घुसते."

"आणि तो कोणता तांदूळ?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

सर खुर्चीत परत टेकले. मग हळूच म्हणाले, "तो तांदूळ नाही, बाई. तो तेंदूपत्ता आहे."

बैठक तिथेच मोडली, कारण प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. पण मला तेंदूपत्ता काही सोडेना. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेले आणि विचारलं. माझ्या "का"चं सरांना भारी कौतुक. म्हणायचे, या इमारतीत काऊन विचारणारी तुम्ही एकट्याच, बाकीचे फक्त कधी विचारतात. त्यांनी उर्मिलेला हाक मारली.

उर्मिला चिचगडकडची. वेल्डिंगच्या वर्गात एकटी मुलगी, अंगाने काडी, पण होल्डर हातात घेतला की हात भिंतीसारखा स्थिर. तिची आई उन्हाळ्यात जंगलात पत्ता तोडायची आणि एरवी बिड्या वळायची. सर तिला म्हणाले, "या बाईले पत्त्याचं सांग."

"पत्ता पुरा वाळला त बिडी वळत नाही," उर्मिला म्हणाली. "मोडते. माय रात्री पानी शिंपडून फडक्यात बांधून ठेवते. सकाळी मऊ होते. जास्त भिजला तरी नाही चालत, बुरशी धरते."

"आयकलं?" सर म्हणाले. "सत्तर-अठराले ओल म्हंजे जहर. त्याले पेटीत गरम ठेवाचं. साठ-दहाच्या मसाल्यात मात्र थोडी ओल पायजेच, त्याच्याच जोरावर तो घुसते. त्याले पेटीत टाकलं का मेला. तो तुमच्या अलमारीत ठेवा, बाई. साधा, बंद डब्यात. कोनी म्हनलं तरी पेटीत टाकू नोका."

ही पेटी म्हणजे रॉड गरम ठेवण्याची विजेची भट्टी. तिच्यावरून सरांची साऱ्या संस्थेशी भांडणं झाली होती. हिवाळ्यात फिटरचे सर तिच्यात डबा गरम करायला ठेवायचे. एकदा सरांनी तो डबा उचलून सरळ बाहेरच्या कडूलिंबाखाली नेऊन ठेवला. कावळ्यांनी पोळ्यांचं काय केलं ते सांगायला नको. "भाजीची वाफ रॉडात जाते," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि त्यावर माफी वगैरे काही नाही. फिटरच्या सरांनी त्यांच्याशी पार पोळ्याच्या सणापर्यंत अबोला धरला. आमच्या सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा एक शेतकरी धान भरडायच्या मशीनची फुटलेली पुली घेऊन आला. बिडाची, ओतीव. सरांनी ती ग्राइंडरला लावली, ठिणग्यांकडे बघितलं आणि परत दिली.

"जोडून द्या ना, मास्तर. तुमी त जोडाचेच मास्तर."

"बिडाले वेगळा रॉड लागते. तो माह्याजवळ नाही."

"असंल त्यानं मारा."

"असंल त्यानं मारलं त आज जोडल्यासारखं दिसंल. घरी जाऊन मशीन चालू करशीन आनि ते सुटून कोनाच्या अंगावर जाईल. नवी घे."

शेतकरी पुटपुटत गेला. मी विचारलं, "त्याला वाईट वाटलं, नाही?" सर म्हणाले, "वाटू द्या. ज्याचा रॉड आपल्याजवळ नाही त्याले हात लावाचा नाही. एवढं समजलं तरी पोरायचं वर्ष वसूल झालं."

आता भिंतीचं सांगायला हवं. वर्कशॉपच्या आतल्या भिंतीवर खिळे ठोकलेले होते आणि त्यांना मोडके तुकडे टांगलेले. पोरांनी केलेला प्रत्येक जोड सर शिकंज्यात धरून घणाने मोडत. नवीन पोराला रडू यायचं, कारण सकाळभर घाम गाळून जोडलेलं दोन घावात गेलेलं असायचं. "जोडनं मोठं काम नाही," सर म्हणत, "तुटलं त कोठी तुटते ते पाहा." जोडाच्या शेजारी, मूळच्या लोखंडात तुटलं तर काम चांगलं, कारण जोड लोखंडाहून मजबूत निघाला. जोडातच तुटलं की तुकडा भिंतीवर. खाली खडूने एक शब्द. नाव कधीच नाही, फक्त कारण. घाई. ओल. बडबड. मोबाइल. एकाखाली तर "भूक" असं होतं. तो पोरगा सकाळी उपाशी आला होता, हे सरांनी काढून घेतलं होतं. त्यानंतर ते रोज सकाळी आधी विचारत, कोण उपाशी आहे.

पाहुण्यांना ही भिंत दाखवायला प्राचार्यांना लाज वाटे. ते म्हणत, चांगली कामं लावा ना, सर. सरांचं उत्तर ठरलेलं, "चांगल्याले काय पाहाचं? ते त जसं पायजे तसं असते."

गोंदियाला राइस मिलचे बॉयलर बनवणारा एक कारखाना आहे. तिथले लोक आमच्याकडे परीक्षा घ्यायला येणार आणि पास होईल त्याला नेणार, असं ठरलं तेव्हा पावसाळा ऐन भरात होता. पाइप जोडायचा. आतला पहिला थर साठ-दहाने, वरचे थर सत्तर-अठराने.

उर्मिला माझ्याकडे हातमोजे बदलून घ्यायला आली आणि काउंटरशीच थांबली. एरवी ती फार बोलायची नाही.

"बाई, हे झालं पायजे."

"होईल ग."

"दादा म्हनते, वर्ष झालं, आता घरी चाल. पोरगी लोखंड जाळते म्हून लोक हासतात म्हनते. हे नाही झालं त मी पुढच्या उन्हाळ्यात पत्ता तोडाले. मंग कोनी मले इकडे येऊ नाही देत." तिने मोजे घडी करून खिशात घातले. "मले पत्ता तोडाची लाज नाही, बाई. पण मले हे येते."

मी हे सरांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. त्या दिवसापासून त्यांची घडी विस्कटली. पाऊस हटायचं नाव घेईना. भिंतींना हात लावला तर ओलसर लागायच्या, बुटांना बुरशी धरत होती. सर उठसूट बाहेर जाऊन आभाळाकडे बघायचे आणि आत येऊन पेटीवर हात ठेवायचे. पोरांना ओरडणंही कमी झालं. उर्मिलेला एकदा म्हणाले, "पोटभर जेवून येजो." एवढं गोड ते कोणाशी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी कारखान्याचे एक वयस्कर साहेब आले. वर्कशॉपमध्ये प्राचार्य, मी, बाकीची पोरं, सगळे जमलो. मुलं एकेक करून काम करून गेली, काही वरच्या थरात अडली, तर काही पाइप तापताच घाबरली. त्यांना आदल्या आठवड्यातले उरलेले रॉड दिले होते. उर्मिलेची पाळी आली तेव्हा सरांनी स्वतः फडक्यात गुंडाळलेले दोन गठ्ठे तिच्यासमोर ठेवले. खास तिच्यासाठी, नव्या डब्यातले.

तिने काच चेहऱ्यापुढे धरली, रॉड टेकवला. प्रकाश पडला. आणि लगेच बंद झाला.

तिने पुन्हा टेकवला. पुन्हा थांबली. काच बाजूला केली, रॉड होल्डरमधून काढला, दोन बोटांत धरून मसाल्यावरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला.

"क्या हुआ बेटी? घबरा गयी?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. रॉड पुरा वाळला आहे."

रॉड कोणी दिला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. प्राचार्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "उर्मिला, बहाणे नकोत. दिलाय त्या रॉडवर कर. बाकीच्यांनी केलं ना?"

ती करू लागली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. फक्त जोड कच्चा झाला असता आणि ती घरी गेली असती. ती सरांकडे वळली. "सर, तुमी आवाज आयका," म्हणाली आणि तिसऱ्यांदा रॉड टेकवला.

सरांनी डोळे मिटले. भजीच्या गाडीसमोर मिटायचे तसेच. मलाही ऐकू येत होतं. फुटका, तुटक आवाज, मध्येच फुरफुर, मध्येच काहीच नाही.

"बंद कर," सर म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "पोरगी बरोबर सांगून राहिली. गलती माही आहे. म्याच पेटीत टाकला."

"आपने?" साहेबांना खरंच नवल वाटलं. "आप तो जानते हो, इसको नहीं सुखाते."

"जानतो साहेब. सगळ्याले म्याच सांगतो." सरांनी हात पँटला पुसले. "पानी थांबून नाही राहिलं. घरी धान आला आनि पानी लागलं का माहा बाप ढिगात हात घालून घालून पाहे, ओल त नाही लागली म्हून. मले काल तसंच झालं. पोरीचे रॉड ओलावतीन, म्हून जे हातात आलं ते पेटीत टाकलं. डोकं चाललंच नाही."

आमच्याकडे धानवाल्या घरात ओल म्हणजे शत्रू. कोणाला दोष द्यायचा? आणि त्याच वर्कशॉपमध्ये पत्तावालीची पोर उभी होती, जिला लहानपणापासून माहीत होतं की पुरा वाळलेला पत्ता मोडतो.

मला तेव्हा आठवलं आणि मी धावले. माझ्या कपाटात, खालच्या फळीवर, सरांनीच ठेवायला लावलेला साठ-दहाचा डबा होता. पेटीत टाकू नका म्हणून बजावलेला. तो आणून मी उर्मिलेच्या हातात दिला. तिने एक रॉड काढून अंगठा फिरवला, मान हलवली, दुसरा पाइप घेतला आणि रॉड टेकवला.

कढईत पीठ पडल्यासारखा आवाज आला. एकसारखा, भरलेला. बाकी मला काही कळत नाही, पण तो आवाज कळत होता. पाइपभोवती फिरत ती थर चढवत गेली. सरांनी डोळे उघडलेच नाहीत. साहेबांनी पाइपाच्या पट्ट्या कापल्या, दाबाखाली वाकवल्या, तरी त्यांचे डोळे मिटलेलेच.

"बाई, भेग पडली का?"

"नाही सर."

"नीट पाहा."

"पाहते आहे. नाही पडली."

मग त्यांनी डोळे उघडले. साहेब वाकवलेली पट्टी बोटाने चाचपत होते. ते म्हणाले, "काम करनेवाले बहुत मिलते हैं. ग़लत चीज़ पे रुकनेवाली आज मिली." उर्मिलेला त्यांनी घेतलं. आणि त्या वर्षीच्या खरेदीत प्राचार्यांनी तिन्ही प्रकारचे रॉड एक शब्द न बोलता मंजूर केले.

दुपारी मी वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा सर स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होते. उर्मिलेने पहिल्या रॉडवर अर्धवट सोडलेला पाइपाचा तुकडा त्यांनी कापून ठेवला होता. तो टांगला, खाली उतरले आणि खडू घेतला. मला वाटलं, "वाळला" लिहितील, किंवा "म्हातारपण". त्यांनी लिहिलं, "माया".

"ही काय चूक झाली, सर?" मी विचारलं.

"जास्त झाली त चूकच, बाई. रॉड करपते." आणि ते पुढच्या पोराचा जोड मोडायला निघून गेले.

उर्मिला निघायच्या दिवशी पाया पडायला आली. सर घण मारत होते, मान वर न करता म्हणाले, "ठीक आहे." ती भिंतीपाशी गेली. तो शब्द वाचायला किती वेळ लागतो, तरी ती बराच वेळ उभी होती. स्कार्फ तोंडाला बांधून बाहेर आली, आणि स्टोअरच्या खिडकीशी थांबून मला म्हणाली, "बाई, तेवढा तुकडा भंगारात देऊ नोका."

सर आता शेतावर असतात. नवे सर आले, भिंत रंगवून झाली, खिळे तसेच राहिले, आणि तो तुकडा परत टांगून खालचा शब्द मी नव्या रंगावर पुन्हा लिहिला. वर्षातून एकदा भंगारवाल्याची गाडी येते तेव्हा मी आधी जाऊन तो तुकडा उतरवते आणि माझ्या कपाटात, साठ-दहाच्या डब्याशेजारी ठेवते. गाडी गेली की परत लावते. खडूचं अक्षर पुसट झालं की मीच गिरवते.